पेपर सोडवून घेताय, पण उतारा वाचून घेताय का?

पत्र थोडक्यात असं आहे: "मी सातवीला भाषा शिकवते. वर्गात ३८ मुलं. सहा आठवड्यांनी वाचन आकलनाची परीक्षा आहे, आधी न वाचलेले उतारे आणि त्यावरचे प्रश्न, बहुतेक पर्यायवाले, थोडे लिहायचे. दोन महिने झाले आठवड्याला तीन सराव पेपर घेतेय. सुरुवातीला मार्क वाढले, आता जिथल्या तिथे अडकलेत. मुलं खडाखडा वाचतात पण उताऱ्यात काय सांगितलंय विचारलं की गप्प. वर उतारा सोपा होता असं स्वतःच म्हणतात आणि निम्मी उत्तरं चुकलेली असतात. एक मुलगा तर शेवटच्या उताऱ्यापर्यंत पोचतच नाही. पालक म्हणतात अजून पेपर घ्या. घेऊ का?"

ताई, नका घेऊ. निदान पुढचे चार आठवडे तरी एकही पूर्ण पेपर घेऊ नका. तुमची मेहनत कमी पडली म्हणून मी हे म्हणत नाहीये. दोन महिने आठवड्याला तीन पेपर, ३८ मुलांचे तपासायचे, ते किती काम असतं ते मला माहितीय, मी स्वतः अनेक वर्षं अगदी हेच केलंय आणि माझ्याही वर्गात मार्क असेच थोडे वर जाऊन थांबायचे. सुरुवातीची ती वाढ पेपरची ओळख झाल्यामुळे असते, प्रश्न कसे येतात, वेळ कसा वाटून घ्यायचा, उत्तर कुठे लिहायचं वगैरे. ती ओळख दहाबारा पेपरात होऊन जाते आणि त्यानंतर पेपर नुसतं दाखवत राहतो की मूल कुठे आहे, त्याला पुढे नेत नाही. पुढे नेणारं काम उताऱ्याच्या आत आहे.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. मुलं म्हणतात उतारा सोपा होता आणि निम्मं चुकतं. माझ्या मते तुमच्या वर्गाचा प्रश्न इथेच आहे. मुलांना कळलेलं नाही हे खरं, पण त्याहून मोठी अडचण ही की आपल्याला कळलेलं नाही हे त्यांना कळत नाहीये. डोळे ओळींवरून सरकले, प्रत्येक शब्द ओळखीचा निघाला, म्हणजे वाचून झालं असं त्यांना खरंच वाटतं.

यावर एलन मार्कमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये एक फार साधा प्रयोग मांडला होता. तिसरी, पाचवी आणि सहावीच्या मुलांना छोटे परिच्छेद दिले आणि त्यात मुद्दाम विसंगती ठेवली. एकात असं होतं की समुद्राच्या तळाशी उजेड अजिबात पोचत नाही, आणि पुढे लगेच की तिथले मासे आपलं खाणं रंगावरून ओळखतात. बऱ्याच मुलांना, सहावीतल्यासुद्धा, त्यात काही खटकलंच नाही. पण यात काहीतरी गडबड आहे असं आधी सांगितलं तेव्हा मोठ्या मुलांपैकी पुष्कळांना ती सापडली. म्हणजे बघा, शोधायची ताकद त्यांच्यात होती, फक्त वाचताना शोधायचं असतं हे डोक्यात नव्हतं. तुमची सातवीची मुलं जवळपास याच वयाची आहेत.

तर पहिला आठवडा फक्त यावर घालवा. रोज एक परिच्छेद, आठदहा ओळींचा, पाठ्यपुस्तकातलाच घेतला तरी चालेल, आणि त्यात एक वाक्य तुम्ही असं घुसवा की ते बाकीच्याशी जुळणार नाही. उदाहरणार्थ "गुहेत इतका मिट्ट काळोख होता की स्वतःचा हातही दिसत नव्हता. भिंतींवरची चित्रं न्याहाळत ते पुढे पुढे गेले." पहिले दोन दिवस सांगून टाका की आज यात गडबड आहे, शोधा. तिसऱ्या दिवसापासून सांगू नका. मग कोणीतरी हात वर करून म्हणेल की थांबा, हे कसं काय, काळोखात चित्रं कशी दिसली, आणि त्या क्षणी त्या मुलाचं भरपूर कौतुक करा, बरोबर उत्तराचं करता त्यापेक्षा जास्त करा. "मला हे कळलं नाही" असं म्हणणं आपल्या वर्गात लाजिरवाणं असतं ना, ते या एका आठवड्यात बदलायला हवं, नाहीतर पुढचं काहीच चालणार नाही.

त्यातूनच एक सवय लावायची. परिच्छेद संपला की त्यावर तळहात ठेवायचा आणि मनातल्या मनात एका वाक्यात सांगायचं की यात काय झालं. सांगता आलं तर समासात तीनचार शब्द खरडायचे आणि पुढे जायचं. नाही आलं तर हात काढून परत वाचायचं. बस. मुलं कुरकुर करतील की वेळ जातो, आणि पहिले काही दिवस जाईलही, पण आत्ता हीच मुलं प्रत्येक प्रश्नासाठी अख्खा उतारा पुन्हा पुन्हा चाळतात, त्यात किती वेळ जातो ते एकदा घड्याळ लावून बघा. खाली रेघा मारत बसण्यापेक्षा हे बरं. मुलांना रेघा मारायला दिल्या की सगळा उतारा रंगवतात आणि कशावर रेघ मारली ते त्यांनाच आठवत नाही.

दुसरी गोष्ट, छोटे शब्द. आपण शब्दार्थ म्हटलं की अवघड मोठे शब्द घेतो, आणि तेही हवेतच, पण माझ्या अनुभवात उताऱ्याचा अर्थ जास्त वेळा निसटतो तो "तो, ती, ते, हे, त्यामुळे, तरीही, मात्र" यांच्यात. हे बघा: "नदीला पूर आला आणि पूल वाहून गेला. गावाचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. तो पुन्हा जोडला जायला दोन महिने लागले." यातला "तो" कोण? निम्मा वर्ग पूल म्हणेल. पूल पण पुल्लिंगी, संपर्क पण पुल्लिंगी, म्हणून व्याकरणाने सुटत नाही, "जोडला जायला" कडे बघावं लागतं, पूल बांधतात आणि संपर्क जोडतात. हे असलं दोन मिनिटांचं बोलणं रोज एकदा झालं पाहिजे. उताऱ्यातली सगळी सर्वनामं गोल करा आणि बाण काढून ज्याच्याबद्दल आहेत तिथे नेऊन जोडा, मुलांना बाण काढायला आवडतं.

जोडशब्दांचं पण तसंच. "त्याला पोहता येत नव्हतं, तरीही त्याने उडी मारली" आणि "त्याला पोहता येत नव्हतं, म्हणून त्याने उडी मारली नाही", हे बोलताना मुलं बरोबर वापरतात, वाचताना मात्र "तरीही" वरून तशीच घसरत जातात. एखादा उतारा घ्या, त्यातले पण, म्हणून, कारण, तरीही, याउलट, अन्यथा असे सगळे शब्द काढून गाळलेल्या जागा ठेवा आणि जोडीजोडीने भरू द्या, वाद घालू द्या. किंबहुना हा शब्द कितीतरी मुलं "किंवा" समजून वाचतात, तो एकदा नक्की घ्या.

आता प्रश्नांकडे. इथे मला थोडं सविस्तर बोलायचंय कारण "लेखकाला काय म्हणायचंय" वर मुलं गप्प का बसतात त्याचं उत्तर इथे आहे. मुलांच्या डोक्यात असं पक्कं बसलेलं असतं की उत्तर उताऱ्यात एका ओळीत छापलेलं असतं, आपण ती ओळ शोधायची आणि उतरवून काढायची. खालच्या वर्गात तसंच असतं, म्हणून त्यांची चूक नाही. ओळ सापडली नाही की ती थांबतात. त्यांना हे कोणी सांगितलेलंच नसतं की काही उत्तरं एका ओळीत असतात, काही दोनतीन ठिकाणांहून गोळा करावी लागतात, काही लेखकाने दिलेल्या खुणा आणि आपली समज जोडून काढावी लागतात, आणि काही प्रश्न उताऱ्यावर फक्त टेकलेले असतात, उत्तर आपल्या मनातलं असतं. टॅफी राफेल या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात प्रश्नांची ही अशीच चार प्रकारांत विभागणी करून मुलांना शिकवली होती आणि आजही मला वर्गात याहून कामाचं काही मिळालेलं नाही.

करून बघा. फळ्यावर हे लिहा: "मुलगी दारातून आत आली तेव्हा चपला हातात होत्या. तिने कडी अगदी हळू लावली. जिना चढताना तिसरी पायरी तिने मुद्दाम ओलांडली. ती पायरी नेहमी करकरायची." मग प्रश्न. चपला कुठे होत्या? एका ओळीत. आवाज होऊ नये म्हणून तिने काय काय केलं? तीन ठिकाणांहून गोळा करायचं. हे घर तिच्या ओळखीचं आहे का? आता ओळ सापडत नाही, पण तिसरी पायरी करकरते हे तिला आधीच माहीत आहे आणि "नेहमी" हा शब्द आहे, म्हणजे ओळखीचं आहे. हा निष्कर्ष. आणि मग विचारा की ती एवढी जपून का आली? इथे मुलं सुटतात. उशीर झाला, आई रागावेल, रात्र होती, चोरी करून आली. प्रत्येकाला एकच विचारा, कशावरून? उशीर हा शब्द कुठे आहे? रात्र कुठे आहे? कुठेच नाही. उतारा एवढंच सांगतो की कोणाला कळू न देता तिला वर जायचंय. कारण सांगत नाही. हा फरक, म्हणजे उताऱ्यावरून काढलेला निष्कर्ष आणि आपण मनाने रचलेली गोष्ट यांतला, जोपर्यंत मुलांना हाताला लागत नाही तोपर्यंत निष्कर्षाचे प्रश्न चुकतच राहणार, शंभर पेपर घेतले तरी. म्हणून "कशावरून?" हा शब्द वर्गात इतका वापरा की मुलं एकमेकांना विचारायला लागली पाहिजेत.

एक दिवस उत्तरं लिहायचीच नाहीत, नुसते प्रश्न वाचायचे आणि कोणत्या प्रकारचा ते ठरवायचं, एवढाच तास घ्या. मुलांना फार हायसं वाटतं.

पर्यायवाल्या प्रश्नांसाठी माझा एकच उपाय आहे, पर्याय मुलांना बनवू द्या. चार जणांचा गट, एक परिच्छेद, एक प्रश्न, एक बरोबर उत्तर आणि तीन चुकीची पण फसवी उत्तरं, आणि मग दुसऱ्या गटाला फसवायचं. एकदोन तासांत त्यांनाच कळतं की फसवं उत्तर कसं बनतं. शब्दशः उताऱ्यातलं असतं पण दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर असतं. किंवा जगात खरं असतं पण या उताऱ्यात नसतं. किंवा जवळपास बरोबर असतं आणि मध्येच "नेहमी", "फक्त", "कधीच नाही" असं काहीतरी घुसलेलं असतं. मुख्य विचार विचारला असेल तर एखाद्याच परिच्छेदाचा विचार पर्यायात टाकलेला असतो. हे तुम्ही फळ्यावर लिहून दिलंत तर पाठ करतील आणि विसरतील, स्वतः फसवलं की लक्षात राहतं. आणि "अयोग्य पर्याय निवडा" मधला "अयोग्य" शब्द गोल करायची सवय, ती मात्र फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आधी प्रश्न वाचायचे की आधी उतारा, हे तुम्ही विचारलेलं नाही पण मुलं नक्की विचारतील. माझं मत, शीर्षक आणि मग उतारा पूर्ण, आणि नंतर प्रश्न. चांगल्या वाचणाऱ्याने काहीही आधी वाचलं तरी तो तरून जातो, पण कच्च्या मुलाने प्रश्न आधी वाचले की ते उतारा वाचतच नाही, प्रश्नातले शब्द उताऱ्यात कुठे दिसतात ते शोधत फिरतं, आणि तुमच्या पत्रावरून मला वाटतं तुमच्या वर्गात तेच चाललंय.

तिसऱ्या आठवड्यापासून गटात वाचायला लावा. ॲनमरी पॅलिन्सार आणि ॲन ब्राऊन या संशोधकांनी १९८४ मध्ये सातवीच्याच मुलांवर हे करून दाखवलं होतं, आणि मुलंही तुमच्यासारखीच, वाचता व्यवस्थित यायचं पण समजायचं नाही. पद्धत अशी की छोट्या गटात परिच्छेद वाचायचा आणि एक मूल शिक्षक बनणार, ते बाकीच्यांना एक प्रश्न विचारणार, थोडक्यात सांगणार काय वाचलं, जे अडलं ते सगळे मिळून सोडवणार, आणि पुढे काय येईल याचा अंदाज करणार, मग पुढच्या परिच्छेदाला शिक्षक बदलणार. सुरुवातीला शिक्षक स्वतः करून दाखवतो आणि हळूहळू बाजूला होतो. सुमारे वीस दिवसांच्या कामात त्या मुलांच्या आकलनात चांगली वाढ दिसली होती. वीस दिवस तुमच्याकडे आहेत. ३८ मुलं म्हणजे आठनऊ गट होतील, गोंगाट होईल, शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा. सगळे गट एकाच दिवशी सुरू करू नका, आधी एक गट पुढे बसवून सगळ्यांना दाखवा, दोन दिवस, आणि मग बाकीचे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते, सहा आठवड्यांत सगळं होत नाही. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं आणि त्यात असं दिसलं की वाचनात कच्ची पण बेसबॉल माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल माहीत नसलेल्या मुलांपेक्षा बरंच जास्त लक्षात ठेवून सांगू शकली. म्हणजे ज्या विषयाची माहिती आहे तो उतारा सोपा जातो, आणि ही माहिती वर्षानुवर्षं साठते. तरी एवढं करा, रोज वेगळ्या विषयावरचा सुटा उतारा देण्यापेक्षा एक आठवडा एकच विषय धरा, ज्वालामुखी म्हणा, पक्ष्यांचं स्थलांतर म्हणा, छपाईचा इतिहास म्हणा, आणि त्यावर चार वेगवेगळ्या प्रकारचे मजकूर वाचा, एक माहितीचा, एक गोष्ट, एक मुलाखत, एक तक्ता. तेच शब्द परत परत भेटतात आणि चौथ्या मजकुरापर्यंत कच्ची मुलंसुद्धा बोलायला लागतात. विज्ञान आणि इतिहासाच्या शिक्षकांशी पण बोला, त्यांच्या पुस्तकातला परिच्छेद तळहात ठेवून वाचला तर त्यांचंही कामच होतं.

लिहायच्या प्रश्नांबद्दल फार सांगत नाही. मार्क जातात ते बहुतेक वेळा प्रश्न अर्धाच वाचल्यामुळे, "का ते सांगून उदाहरण द्या" मधलं उदाहरण राहतं. उत्तर, आणि त्याला आधार देणारी उताऱ्यातली गोष्ट, या दोन वाक्यांची सवय लागली तरी पुष्कळ.

शेवटच्या दोन आठवड्यांत दोन पेपर घ्या, आठवड्याला एक, पूर्ण वेळ लावून. आणि तपासल्यावर नुसते मार्क देऊन परत करू नका. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे मुलानेच लिहायचं की मी हे का निवडलं आणि बरोबर उत्तर कोणत्या ओळीवरून कळतं. पेपरच्या तासाइतकाच तास यालाही द्या. पालकांना हेच दाखवा, चुकलेल्या उत्तरांची ही वही. तुमचं मूल काय चुकतं आणि का चुकतं ते त्यात दिसतं, अजून पेपर घ्या म्हणणाऱ्या आईबाबांना ते बघितल्यावर जास्त धीर येतो असा माझा अनुभव आहे. त्यांना घरी काही करायचं असेल तर रोज दहा मिनिटं मुलासोबत काहीही वाचावं आणि त्याला विचारावं की यात तुला कुठे अडलं. किती कळलं असं विचारू नये, कुठे अडलं असं विचारावं.

आता तो मुलगा, जो शेवटच्या उताऱ्यापर्यंत पोचत नाही. त्याच्यासाठी हे वरचं सगळं नंतर. आधी एक तपासा. त्याला बाजूला घेऊन एक उतारा तुम्ही वाचून दाखवा, तो फक्त ऐकेल, आणि प्रश्न तोंडी विचारा. गॉफ आणि टन्मर या संशोधकांनी १९८६ मध्ये वाचन आकलनाचं एक सरळ सूत्र मांडलं होतं, लिपी वाचण्याची क्षमता गुणिले ऐकून भाषा समजण्याची क्षमता. गुणाकार आहे, बेरीज नाही, म्हणजे एक बाजू शून्याजवळ असेल तर दुसरी कितीही चांगली असून उपयोग नाही. ऐकून तो पटापट उत्तरं देतोय असं दिसलं तर त्याची समज ठणठणीत आहे आणि अडतंय ते अक्षरांपाशी, जोडाक्षरांपाशी, वेगापाशी. अशा मुलाला मागे पडलेला, लक्ष न देणारा असं म्हटलं जातं आणि ते त्याच्यावर फार अन्यायाचं असतं. त्याला शंभर-दीडशे शब्दांचा एकच तुकडा तीनचार वेळा मोठ्याने वाचायला द्या, रोज, एकट्याने तुमच्यासमोर, वर्गासमोर अजिबात नको, आणि दर वेळी किती अडखळलं ते त्यालाच मोजू द्या, म्हणजे कमी होतंय हे त्याला दिसेल. सहा आठवड्यांत तो सगळ्यांच्या बरोबरीला येईलच असं मी म्हणणार नाही, पण फरक दिसला पाहिजे, आणि दिसला नाही तर शाळेत बोलून त्याची नीट तपासणी करून घ्या आणि परीक्षेत जादा वेळ मिळतो का ते आत्ताच विचारा, ऐनवेळी ते होत नाही. आणि ऐकूनही कळत नसेल तर मग त्याला गटात, चांगलं बोलणाऱ्या मुलांच्या शेजारी बसवा आणि त्याच्याशी रोज थोडं जास्त बोला.

पुढच्या आठवड्याचा पेपर रद्द झालाय असं मुलांना सांगाल तेव्हा त्या मोकळ्या झालेल्या तासातली पहिली पाच मिनिटं त्याला द्या.